कच्चा टाका

भिंग्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण पुलाखालच्या आमच्या गाळ्यांत त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली तर तो मान वर करत नाही. दिवसभर एका डोळ्याला काळं भिंग लावून बसायचं, आणि संध्याकाळी ते काढलं तरी डोळ्याभोवती गोल वळ तसाच. त्याच्या आणि माझ्या गाळ्यामध्ये प्लायवूडची एक फळी आहे. फळी आपली नावाला. तो शिंकला की माझी सुई चुकते, आणि माझा दोरा तुटला की तो तिकडून विचारतो, "टेलरबाई, आज शिव्या कुणाला?"

माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात. म्हणू देत. पण भिंग्याचं जे सांगायचंय ते तोलूनमापून सांगणार आहे, कारण माणूस वाईट नाही. वाईट असता तर मी एवढा जीव जाळत बसले नसते.

त्याचं काम म्हणजे रिमोट, दारावरची घंटा, वजनकाटा, मुलांची बोलणारी खेळणी, असलं काही बंद पडलं की ते उघडायचं. आत एक हिरवी पट्टी असते, तिला बोर्ड म्हणतात. बोर्डावर मुंगीएवढे भाग, आणि प्रत्येक भागाचा पाय सोल्डरच्या एका थेंबानं धरून ठेवलेला. वस्तू पडली, आपटली की त्या थेंबाला तडा जातो, तोही केसाएवढा. भिंग्या तो शोधतो, जुना थेंब वितळवून उचलतो आणि नवा बसवतो. त्या थेंबाला तो टाका म्हणतो. म्हणून मी त्याला म्हणायचे, अरे, तुझा नि माझा धंदा एकच. टाका तुझ्याकडे, टाका माझ्याकडे. आयर्न तुझ्याकडे, आयर्न माझ्याकडे. फक्त तुझी पेन्सिलीएवढी, आणि माझी मेली उचलून मनगट जातं.

'कच्चा टाका' हा शब्दही दोघांकडे आहे. माझ्याकडे कच्चा टाका म्हणजे कपडा अंगावर नीट बसतो का ते बघायला घातलेली लांबलांब सैल शिलाई. ती मुद्दाम घालायची असते, नंतर उसवून टाकायची. त्याच्याकडे कच्चा टाका म्हणजे वरून चकचकीत दिसणारा, पण आतून न धरलेला थेंब. यावरून आमची थट्टा चालायची. "तुमचा मुद्दाम असतो, आमचा चुकून राहतो," तो म्हणायचा. "मुद्दाम कच्चा ठेवणारा आमच्यात कुणी निघाला ना, तर त्याचे हात बांधून ठेवावेत."

त्याचा स्वतःचा तर चुकूनही राहायचा नाही. कुणी दुरुस्त केलेली वस्तू परत घेऊन आलंच तर भिंग डोळ्यावर चढवून म्हणायचा, "माझा टाका? दाखवा." आणि खरंच, बिघाड दुसरीकडेच निघायचा. तेवढा ताठा त्याला शोभायचाही.

गिऱ्हाइकांना तो एक गोष्ट हमखास ऐकवायचा. ती ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. "गार असताना बंद आणि तापलं की चालू, असं होतंय का? मग आत कच्चा टाका आहे. उबेनं धातू फुगतो, तडा मिटतो, वस्तू चालायला लागते. गार झाली की पुन्हा मेली." गिऱ्हाईक मान हलवायचं आणि मनात म्हणायचं, बाबा, तू फक्त करून दे.

आता ताईंचं सांगते. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा ताईंनीच याला लहानाचा मोठा केला. स्वतःचं लग्न, संसार राहूनच गेला. एका मोठ्या इस्पितळाच्या फोनच्या बोर्डावर त्यांची नोकरी. जन्मभर कानाला फोन लावून, "बोला, ऐकतेय." यानं लहानपणी त्यांचा रेडिओ खोलून ठेवला, तेव्हा दुसरी असती तर पाठ सोलली असती. ताईंनी पगारातून याला सोल्डरिंगची पहिली आयर्न आणून दिली. म्हणाल्या, उघडलायस तर जोडायलाही शीक.

ज्या कानांवर आयुष्य काढलं, तेच उतारवयात गेले. मग कानामागे लावायचं मशीन आलं. ते लावलं की ताईंना सगळं ऐकू यायचं. सगळं म्हणजे सगळंच, आणि गोम तिथेच होती. दोन खोल्यांचं घर. भिंग्याची बायको स्वयंपाकघरात स्वतःशी पुटपुटली की साखर संपली, तर बाहेरच्या खोलीतून उत्तर, "मी परवाच म्हटलं होतं." नवराबायकोचं वाजलं की ताई मधे पडून निकाल देणार, तोही बहुतेक वेळा बायकोच्या बाजूनं, पण त्यानंही तिला आनंद व्हायचा नाही. कोण कुणाशी किती वेळ बोललं, कोण दार आपटून गेलं, सगळ्याची दखल. जन्माची सवय, जाते कुठे? प्रेमानंच करायच्या, पण प्रेमानं केलेली कटकटही कटकटच असते. दोन्ही बाजू मला दिसतात. मी त्या घरात एक आठवडा टिकले नसते, हेही सांगून टाकते.

गेल्या थंडीच्या सुरुवातीला ते मशीन बेसिनवरून खाली पडलं आणि बंद झालं. ताई ते घेऊन गाळ्यात आल्या. भिंग्यानं उघडलं, भिंग लावून बराच वेळ पाहिलं, पुन्हा बंद केलं. ताईंना मोठ्यानं, हातवारे करून सांगितलं, आतला एक भाग गेलाय, मिळतो का बघावं लागेल. मी फळीच्या कडेनं सगळं बघत होते. हा आणि भाग मिळत नाही म्हणतोय, याचं मला जरा नवल वाटलं. पण माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. मी डोकं घातलं शिलाईत.

ताई मशीन तरीही रोज कानाला लावायच्या. "चष्म्याला टेकू होतो," म्हणायच्या. रोज दुपारी त्याचा डबा घेऊन यायच्या. त्याच्याकडे पंखा सतत चालू, सोल्डरचा धूर जायला. तिथे त्यांना गारठा वाटायचा, म्हणून डबा देऊन माझ्याकडे येऊन बसायच्या, इस्त्रीच्या टेबलाला पाठ लावून, आणि माझी बटणं लावून द्यायच्या. हात अजून असा की एकेक बटण कपडा फाटेल पण सुटायचं नाही. बोलणं कमी झालं होतं. मी ओरडून ओरडून काहीबाही सांगायचे, त्या हसायच्या.

एक दिवस भिंग्या सुटल्यासारखा चेहरा घेऊन आला. "टेलरबाई, एक सांगू? ताई जायचं म्हणतेय. तिच्या नोकरीतली एक मैत्रीण आहे ना, ती वृद्धाश्रमात राहते, तिथे. आम्ही नाही काढला विषय. जेवताना तिनंच काढला." मग मान खाली घालून म्हणाला, "मला कसं सांगावं तेच कळत नव्हतं, आणि तीच बोलली." मला त्याचा राग आला, पण माझी थोरली जाऊ तिथेच राहते आणि सुखात आहे, तेव्हा तोंड उघडायला जागा नव्हती. रविवारी जायचं ठरलं. ताईंनी माझ्याकडून दोन नवे गाऊन शिवून घेतले, नेण्यासाठी.

त्या रविवारच्या अलीकडची गोष्ट. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं, जाडजूड बाई. माप घेताना माझ्या कानाशी लागून कुजबुजली, "कंबर वाढलीय हो, पण मागचंच माप लिहा, मी कमी करणार आहे." इस्त्रीपाशी ताई खाली मान घालून गाऊनला बटणं लावत होत्या. त्यांच्या खांद्यांना हसू आलं.

मी जागच्या जागी थांबले. ओठ बघून कळावं तर मानही वर नव्हती. बाई गेल्यावर मी ताईंकडे पाठ केली आणि नेहमीच्याहून हळू म्हटलं, "ताई, ती कात्री द्या जरा." कात्री माझ्या हातात आली.

मला आधी आठवलं ते हे की या थंडीत यांच्यासमोर मी स्वतः कुणाकुणाची उणीदुणी काढली. मग भिंग्याचं घर आठवलं, तिथे यांच्यासमोर काय काय बोललं गेलं असेल. मी उठून पलीकडे गेले.

"भिंग्या, ताईंना ऐकू येतंय."

तो हसला. "छे हो. मशीन मेलंय ते. मी मधून मधून तपासतो ना."

"मग आता तपास."

तो माझ्या गाळ्यात आला, ताईंच्या कानाकडे बोट दाखवलं. ताईंनी मुकाट्यानं मशीन काढून दिलं. आम्ही दोघं त्याच्या टेबलाशी गेलो. फळीपलीकडे ताई होत्या, पण मशीन आमच्याकडे होतं. त्यानं झाकण उघडलं, आतला नखाएवढा बोर्ड पंख्याखाली धरला, मीटरच्या दोन सुया टेकवल्या. काटा हलला नाही. "बघा. झालं समाधान?" झाकण लावून त्यानं ते माझ्या हातावर ठेवलं आणि दारात उभ्या असलेल्या माणसाकडे वळला. त्या माणसाचा वजनकाटा सगळ्यांना हलकं दाखवत होता आणि त्याला तो तसाच हवा होता की काय, अशी त्याची हुज्जत चालली होती. मीही मजा बघत उभी राहिले, मशीन मुठीत धरून.

मुठीतून शीळ वाजली.

ज्याच्या घरी कानाचं मशीन आहे त्याला ही शीळ माहीत असते. चालू मशीन मुठीत धरलं की ते असं बारीक किंचाळतं. भिंग्या वळला. मशीन माझ्या हातातून घेऊन त्यानं पंख्याखाली ठेवलं. शीळ थांबली. मग स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं आणि उभा राहिला. पुन्हा शीळ. वजनकाटेवाल्याला त्यानं उद्या या म्हणून सांगितलं आणि स्टुलावर बसला. तोंडावरचा रंग पार उडाला होता.

"उबेला चालतंय," तो म्हणाला.

मला तर पाठच होतं ते. गार असताना बंद, तापलं की चालू. दर आठवड्याला यानं ते पंख्याखाली उघडं करून तपासलं, आणि मेलंय म्हणून निर्धास्त राहिला. कानामागे माणसाची ऊब असते, घरात चुलीची, माझ्याकडे इस्त्रीची. जगाला सांगत सुटला आणि स्वतःच्या घरचं याला सुचलं नाही.

"भाग मिळाला नाही म्हणालास ना तू?" मी विचारलं.

"भाग नकोच होता," तो म्हणाला. "बॅटरीच्या पायाचा टाका तडकलाय. पहिल्याच दिवशी दिसला होता. आयर्न तापलेलीच होती."

मग काय झालं ते त्यानं सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्या सकाळी घरात तिघांचं भांडण होऊन तो आला होता. म्हणाला, एक दिवस राहू दे, एक दिवस शांत जेवू. शांत जेवला. मग दुसरा दिवसही राहू दिलं. बायकोला खरं सांगितलं नाही, ती बिचारी भाग मिळायची वाट बघत होती. मग हळूहळू सवय झाली. ताई समोर बसलेल्या असताना दोघं ताईंबद्दल बोलायला लागले. कुठे ठेवता येईल, त्यांची खोली मोकळी झाली तर काय काय करता येईल.

"आणि मी एकदा म्हटलं," तो थांबला. "मी म्हटलं, तब्येत ठणठणीत आहे तिची, अजून दहा-पंधरा वर्षं काही होत नाही तिला. आणि हसलो. बायको म्हणाली, अहो, समोर बसल्यात. मी म्हटलं, ऐकू कुठे येतंय. तेवढंच सुख आहे."

"मग?"

"मग ताईनं मला वाढलं. आणखी घे म्हणाली." त्यानं डोळ्यावरून हात फिरवला. "दुसऱ्याच दिवशी तिनं वृद्धाश्रमाचं काढलं. आणि मला वाटलं, सुटलो."

एरवी मी कुणाला सोडत नाही. त्या वेळी सोडलं.  तो स्वतःच स्वतःला इतकं बोलत होता की माझी गरज नव्हती.

"आता भाग मिळाला असं सांगतो," तो जरा वेळानं म्हणाला.

"सांग की. नाहीतरी खोटं बोलायची सवय आहेच हाताला," मी म्हटलं. तेवढं निसटलंच.

त्यानं पंखा बंद केला. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं. तांब्याची विणलेली बारीक पट्टी त्या टाक्यावर ठेवून वरून आयर्न टेकवली, जुनं सोल्डर पट्टीत शोषलं गेलं. खालचा बिंदू स्वच्छ केला, पेस्ट लावली. सोल्डरची नवीन तार जवळ आणली, आणि तशीच मागे घेतली. इतक्या वर्षांत मी त्याला तार मागे घेताना पाहिलं नव्हतं. भिंग काढून त्यानं डोळा पुसला, पुन्हा लावलं, मनगट टेबलाला दाबून धरलं. मग एक थेंब. तो निवेपर्यंत फुंकरसुद्धा मारली नाही. पंखा लावून खाली धरलं आणि मीटरच्या सुया टेकवल्या, काटा हलला. सगळं मिळून, मी इस्त्री तापवते तेवढा वेळ. एवढ्यासाठी त्या बाईनं अख्खी थंडी अर्धं-मुर्धं ऐकत काढली होती.

आम्ही इकडे आलो. ताई शेवटचं बटण लावत होत्या. भिंग्यानं मशीन स्वतःच्या हातानं त्यांच्या कानामागे बसवलं आणि त्यांच्यासमोर माझ्या पाटावर उकिडवा बसला. लहानपणी असाच बसत असेल.

"येतंय ऐकू?"

"येतंय."

"ताई, टाका कच्चा होता ग," तो म्हणाला. "माझ्याकडून तसाच राहून गेला."

ताईंनी दोरा ओढून घेतला. "तुझ्याकडून?"

"हो."

"तुझ्याकडून टाका राहून गेला." त्या हे असं म्हणाल्या, जसं कुणी आपल्याला परक्याचं नाव सांगावं आणि आपण ते उच्चारून बघावं. त्यांनी याला पहिली आयर्न दिली होती. याचा हात त्यांच्याहून जास्त कुणाला ठाऊक? मग त्यांनी सुई गाऊनला टोचून ठेवली आणि त्याच्याकडे बघितलं. "राहून गेला, की ठेवलास?"

मी इस्त्रीचं बटण बंद केलं. काहीतरी करायला हवं म्हणून.

"राहून..." तो म्हणाला आणि थांबला.  पुलावरून गाड्या जात होत्या, त्या त्यांनाही ऐकू येत असणार. "ठेवला," तो म्हणाला.

ताईंनी मान हलवली. "हं. आता नीट ऐकू आलं."

त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तेही केलं नाही. म्हणाल्या, "डबा खाल्ला नाहीस अजून. गार होतोय." मग दातांनी दोरा तोडला, गाऊनची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

त्यानं जाऊ नको म्हणून पुष्कळ विनवलं. बायकोनं विनवलं. तिला जेव्हा सगळं कळलं तेव्हा तिनं नवऱ्याला असं काही धारेवर धरलं की ते मी इथे सांगत नाही. ताई म्हणाल्या, बोललात त्याचं मला काही नाही, घर म्हटलं की माणसं बोलतात, मीही जन्मभर लोकांचं ऐकलंय. पुढचं, त्या टाक्याचं, त्या बोलल्या नाहीत, आणि पुढचंच त्याला हवं होतं. रविवारी त्या गेल्या. मोकळी झालेली खोली अजून तशीच आहे, त्यात कुणी काही ठेवत नाही.

भिंग्या काम करतो. हात पुन्हा स्थिर झालाय. कुणी वस्तू परत आणली तर "माझा टाका? दाखवा," असं आता म्हणत नाही, मुकाट्यानं उघडून बघतो. आमची कच्च्या टाक्याची थट्टा बंद झाली. दुपारी डब्याच्या वेळेला तो ताईंना फोन लावतो. फळीतून मला सगळं ऐकू येतं, त्यांचा आवाजसुद्धा, कारण त्या जुन्या सवयीनं खणखणीत बोलतात.

"बोल, ऐकतेय," त्या म्हणतात.

मग बराच वेळ काहीच नाही. मीही शिलाई थांबवून बसते. शेवटी तो सांगतो की आज गिऱ्हाईक बरं होतं.